दसऱ्याचं धुणं आणि हौसाची खडस

ये गं रेखा, कागदावरच का होईना, अशी जवळ ये. पाट घे नाहीतर पोत्यावर बस, पण जरा टेक. लाज वाटत नाही का तुला? कबनूर काय काशीला आहे? आईला इथून घेऊन गेलीस त्याला वर्ष होत आलं आणि एकदाही उंबरा चढली नाहीस. फोनवर मात्र गोड. "मावशी, आईवर कायतरी लिही की. दिवसभर मागाचा खडखडाट ऐकत बसती. मी वाचून दाखवीन, तिला बरं वाटंल."

बरं वाटेल का, ते मला सांगता येत नाही. हौसावर लिहायचं तर खरं लिहावं लागणार. आणि खरं हे आहे की तुझ्या आईवर मी आयुष्यभर जळत आले. चुलीला निदान फुंकणी लागते. मला तीही लागायची नाही. हौसा नुसती समोरून गेली तरी माझा जाळ व्हायचा.

तू हे शेजारणींनाही वाचून दाखवशील, मी ओळखते तुला. म्हणून तुला ठाऊक असलेलंही पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव कुंभीच्या काठाला, गगनबावड्याच्या वाटेवर. गावाखाली नदी वळण घेते तिथं डोह आहे, काळाभोर, आणि डोहाच्या अलीकडं धुण्याचा घाट. वरच्या अंगाला मत्स्यबीज केंद्र, म्हणजे माशांची पिल्लं काढायची जागा. सिमेंटच्या चार टाक्या आणि एक पत्र्याची शेड, एवढाच कारभार. आपल्या नदीतला खडस मासा संपला होता. सोनेरी अंगाचा, जाड ओठांचा, एकेक खवला रुपयाएवढा. त्याची पिल्लं इथं वाढवून परत डोहात सोडायची असं तिथल्या साहेबांच्या मनात होतं. टाक्या सांभाळायला त्यांनी आमच्या बचत गटातल्या दोघी घेतल्या, तुझी आई आणि मी. तिला घेतलं ते तिला मासे कळतात म्हणून. मला घेतलं ते माझं घर टाक्यांना लागून आहे म्हणून. हा फरक मला पहिल्याच दिवशी टोचला.

आणि तुझ्या आईनं माझ्याकडं बघून साहेबांच्या तोंडावर काय म्हणावं? "आक्काला घेताय व्हय? घ्या की. त्यांच्या घरात अंड्याचं टरफल येत न्हाई. निदान पिल्लं खायाची तरी न्हाई."

साहेब हसले. मीही हसले. घरी येऊन भांडी आपटली.

हौसाची मूर्ती तुझ्या डोळ्यांपुढं आहेच, पण कामावरची हौसा तू पाहिली नाहीस. हाडं वर आलेली, काष्टा घट्ट, हातातल्या काचेच्या बांगड्यांना चिंधी गुंडाळलेली, का तर आवाज नको. आणि अंबाड्यात कोंबडीचं पीस. बायका फूल खोवतात, ही पीस. खडशीची अंडी काढायची ती मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून, कोरड्या परातीत. मग त्यावर नराचं पाणी घ्यायचं आणि पिसानं कालवायचं. साहेबांकडं त्यासाठी मऊ ब्रश होता. तिनं तो हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "ह्ये दात घासायला ठेवा."

अंडी म्हणजे हळदीत घोळलेल्या साबुदाण्यासारखी. ती जाळीच्या ट्रेमध्ये वाहत्या पाण्याखाली ठेवायची आणि रोज निवडायची. मेलेलं अंडं पांढरं पडतं, नासतं आणि शेजारच्यालाही नासवतं. ते चिमट्यानं उचलायचं. हौसा तांदळातले खडे वेचावेत तसं उचलायची, माझ्याशी बोलत, माझ्याकडं बघत. मी डोळे फाडून, श्वास रोखून एक पांढरं उचलायची आणि दोन जिवंत फोडायची. तेव्हा ती म्हणायची, "आक्का, तू ऱ्हाऊ दे. तू आपली शेण काढून ये गोठ्यातलं." म्हणायची ती मायेनं, हे आज कळतं. तेव्हा मी खरंच जाऊन शेण काढायची आणि म्हशीशी बोलायची, की बाई, तुझं एक बरं आहे, तुला हौसा माहीत नाही.

पाण्यात बोट बुडवून ती जिभेला लावायची. "वर कुणीतरी म्हसरं घातल्यात," म्हणायची. चालत जाऊन बघावं तर खरंच वळणावर म्हशी डुंबत असायच्या. मीही तसं करून बघितलं. चव काही कळली नाही, दोन दिवस पोट मात्र बिघडलं. पेपरवाला आला, फोटो काढून गेला. फोटोत हौसा परात धरून उभी आणि कडेला एक कोपर. ते कोपर माझं. तो पेपर मी रद्दीत घातला. हौसानं मात्र कापून भिंतीला लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "ही बघा आमची आक्का." कोपराकडं बोट करून.

असं कुणी चांगलं वागायला लागलं की जळणाऱ्यानं करायचं काय, तूच सांग.

एकदा अंडी निवडताना मी तिला विचारलं, "एवढं जीव लावून करतेस, तुला काय मिळतं गं?" मला वाटलं पुण्यबिण्य म्हणेल. ती म्हणाली, "चव मिळंल."

"म्हणजे?"

"बारक्यापणी खाल्ल्याली खडस अजून जिभंवर हाय. डोहात परत झाली तर मरायच्या आत एक फोड खाईन म्हंते." आणि हसली. मग हसू मावळलं. चिमटा तसाच हातात. "आमच्या बानंच टाकलाय की सुरुंग डोहात. त्याच्यासंगं चार मानसं. धाडदिशी आवाज आला आन सगळा डोह पांढऱ्या पोटांनी भरला. हातभर लांबीचं मासं, आन त्यांची बोटाएवढी पिल्लं बी. मी धा वर्साची. परकराचा ओचा करून येचलं. हासत येचलं, आक्का. गावाला वाटून उरलं, ते वाळत टाकलं, ऱ्हायलं ते कुजलं. पुढच्या साली बा जाळं घिऊन गेला तर एक बी न्हाई. त्याच्या पुढच्या साली बी न्हाई."

एवढं बोलून तिनं एक पांढरं अंडं अलगद उचललं आणि बाजूला टाकलं.

आता टाकीतल्या पिल्लांचं सांगते. पहिल्या वर्षी आम्ही हातानंच खायला घालत होतो, उकडलेल्या अंड्याचा बलक, मग शेंगपेंड. मला बलकाला हात लावावा लागायचा. घरात सांगितलं नाही. पिल्लं बोटाएवढी झाली आणि हौसाची चाहूल लागली की टाकीच्या त्या टोकाला गोळा व्हायची, पाणी नुसतं उकळल्यासारखं. ती शिव्या द्यायची, "आलासा व्हय मुडद्यांनो, जेवलासा न्हाई का सकाळी?" आणि मुडदे तिच्या बोटांना चाटायचे. मी हात घातला की पांगायचे. मी तीच पेंड घालून बघितली, तीच शिवीही दिली. शिवी माझ्या तोंडात बसत नाही, तेवढं मात्र कळलं.

मग एका सकाळी टाकीच्या काठावर बगळा उभा. त्याची सावली पाण्यावर पडली आणि पिल्लं हौसा आली म्हणून त्याच्याकडं धावली. बगळ्याला चोचही वाकडी करावी लागेना. हौसानं दगड मारून त्याला हाकललं आणि तिथंच मटकन बसली.

"आक्का, आपन चुकलो. डोहात पन अशीच धावत्याल. ज्याची सावली दिसंल त्याच्याकडं."

त्याच दिवशी तिनं टाक्यांच्या कडेनं पोत्यांचा पडदा शिवून लावला. पेंड टाकायची ती पडद्याआडून, टाकीवर बोलायचं नाही, वाकून बघायचं नाही. साहेबांनाही तिनं बाहेर थांबवलं. "तुमी बी मानूसच हाय की," म्हणाली. साहेब गपचूप पडद्यामागं उभे राहून वही लिहायला लागले. हौसानं पुन्हा पिल्लांकडं बघितलं नाही. जी तिची बोटं चाटायची त्यांना तिनं एका दिवसात परकं केलं.

त्याचंही मला जळावंसंच वाटलं. एवढं असून सोडता येतं कसं माणसाला?

तुझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या खेपेला डॉक्टरनं प्रवास नको म्हटलं, आठवतं? हौसा सव्वा महिना कबनूरला येऊन राहिली. त्या वेळी टाक्यांत नवीन तुकडी होती, पडद्याआड वाढलेली, माणूस न बघितलेली. जाताना तिनं मला बजावलं, "आक्का, पडदा हलवू नगं." मी म्हटलं, "मला काय कळत नाही का?"

रेखा, आता लिहिते ते नीट वाच. मोठ्यानं वाच, गाळू नकोस.

चार दिवस मी पडदा हलवला नाही. पाचव्या दिवशी मनात आलं की ही पिल्लं हौसानं कधी बघितलीच नाहीत. म्हणजे ही काही तिची नव्हेत. मी पडद्याचं एक टोक उचललं. माझं धुणं मी टाकीच्या पाण्याच्या पाटावरच धुते, तिथं दगड आहे. धोपटणं घेऊन कपडे बडवायचे आणि पेंडीची गोळी टाकायची, बडवायचं आणि टाकायची. आठ दिवसांत धोपटणं वाजलं की पिल्लं माझ्याकडं यायला लागली. माझ्याकडं! माझी बोटं चाटायला लागली. उरलेले दिवस मी जे सुख भोगलं ते माझ्या स्वतःच्या पोरांनीही मला दिलं नव्हतं. धुवायला कपडे उरले नाहीत तर धुतलेले परत धुवायची मी. हौसा परत यायच्या आदल्या दिवशी पडद्याचं टोक खाली सोडून दोऱ्यानं शिवून टाकलं.

भाद्रपदात, म्हाळाच्या पंधरवड्यात नदी उतरली तेव्हा ती तुकडी डोहात सोडली. मी हळदकुंकू आणि नारळ घेऊन गेले. हौसा म्हणाली, "ह्ये कशाला?"

"पाठवणी आहे ना गं."

"पाठवनी न्हाय. लेक सासरी जाती ती परत येती. ही परत यायची न्हाईत." पिल्लांच्या पिशव्या तिनं आधी नदीच्या पाण्यात तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. मग एकेकीचं तोंड सोडलं. पिल्लं बाहेर पडली, क्षणभर घुटमळली आणि काळ्या पाण्यात शिरली. नारळ फोडून तिनं तो एकटीनं खाल्ला.

आणि चार दिवसांनी दसऱ्याचं धुणं सुरू झालं.

तुला सांगायला नको, घटस्थापनेच्या आधी घरातली चिंधीन्‌चिंधी नदीवर जाते. गोधड्या, वाकळा, पडदे. साऱ्या गावच्या बायका घाटावर, आणि वीस-पंचवीस धोपटणी एका वेळी. डोंगरात आवाज घुमतो. पहिली वाकळ दगडावर पडली, पहिलं धोपटणं वाजलं, आणि डोहातून एक काळी रेघ घाटाकडं आली. मग दुसरी. पायऱ्यांपाशी पाणी उकळायला लागलं. बायका ओरडल्या, पोरं नाचली. कुणी भाकरी टाकली, कुणी "देवाचं मासं" म्हणून हात जोडले. मी गोधडी हातात धरून उभी.

दुसऱ्या दिवशी बायका जेवायला घरी गेल्या तेव्हा दोघं-तिघं मच्छरदाणी घेऊन उतरले. नावं घेत नाही, आपलेच होते. एकानं धोपटणं आपटायचं, बाकीच्यांनी मच्छरदाणी उचलायची. आम्हाला कळेपर्यंत बादल्या भरून गेल्या होत्या. पायरीवर थोडी पिल्लं पडलेली, बोटाएवढी, त्यांची सोनेरी झाक वाळून गेलेली.

हौसा घाटावर आली. एका बाईच्या हातातलं धोपटणं घेतलं आणि रिकाम्या दगडावर एकदा मारलं. उरलेली दहा-पाच पिल्लं पायऱ्यांपाशी आली. हौसा बघत राहिली, बघत राहिली, आणि मग तिनं धोपटणं खाली ठेवलं.

साहेब संतापले होते. "हौसाबाई, ही पिल्लं कुणी माणसाळवली? असं होणार असेल तर डोहात सोडणं बंद करावं लागेल. पुढच्या तुकडीचं मी वर काय सांगू?"

मी तिथं होते. हौसाच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर.

"पडदा फाटका हुता, सायेब," हौसा म्हणाली. "मी शिवल्याला. चूक माझी. अजून एक साल द्या. मग बंद करा."

गावकरी मच्छरदाणीवाल्यांना शिव्या द्यायला लागले तेव्हा त्यांनाही तिनं थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. आमी बी ओचं भरल्यालं हाईत."

साहेबांनी एक साल दिलं. त्या सालात तिनं जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना बघितलं नाही. पिल्लं बोटाएवढी झाली तशी ती माझ्या दारात आली. "आक्का, धोपटणं दे."

"तुझं कुठं गेलं?"

"माझं नगं. तुझंच पायजे."

मी दिलं. का, हे विचारायची हिंमत झाली नाही. तिनं पडदा काढला, टाकीच्या काठावर उभी राहिली, धोपटणं दगडावर आपटलं आणि त्याच दमात काठीनं पाणी घुसळून जाळं ओढलं. पिल्लं सैरावैरा झाली. परत धोपटणं, परत काठी. सकाळ-संध्याकाळ, महिनाभर. "भ्या, मुडद्यांनो! भ्या मला! मानूस दिसला की पळा!" आवाज बसायचा तिचा. पेंड घालायची ती मात्र पडद्याआडून, चोरासारखी, त्यांना कळू न देता. शेवटी शेवटी तिची सावली पडली तरी टाकी रिकामी असल्यासारखी दिसायची, सगळी तळाला. माझ्या सावलीला थोडी रेंगाळायची. म्हणजे भ्यायलाही ती हौसालाच जास्त भ्यायची. तुला खोटं वाटेल, पण मला त्याचाही हेवा वाटला.

ती तुकडी सोडली, धोपटणी वाजली तरी घाटाला आली नाही, म्हणून साहेबांनी सोडणं बंद केलं नाही. पुढच्या सालची सोडली, त्याच्या पुढचीही. दसऱ्याचं धुणं आलं की हौसा घाटाच्या वरच्या पायरीवर बसायची आणि बायका धोपटायच्या. कुणीच यायचं नाही. जगली की मेली तेही कळायचं नाही. साहेब डोहात जाळं टाकून बघू म्हणायचे, हौसा टाकू द्यायची नाही. "भ्यायला शिकवलंय, सायेब. आता परत कशाला भ्या घालताय?"

मग तिचे गुडघे गेले. पायऱ्या उतरताना दोनदा पडली, आणि तू तिला न्यायचं ठरवलंस. आदल्या संध्याकाळी मला म्हणाली, "सकाळी घाटावर ये. धोपटणं घिऊन ये."

"माझं?"

"मग कुनाचं?"

मी तिला धरून तिसऱ्या पायरीपर्यंत उतरवलं. घाटावर अजून कुणी नव्हतं. तिनं तिची गोधडी आणली होती, तुझ्या वडिलांच्या, अण्णांच्या धोतराची शिवलेली. ती भिजवून दगडावर टाकली. "हाण."

मी हाणलं.

"तसं न्हाई. टाकीवर हानत हुतीस तसं हाण."

माझा हात वरच राहिला. ती माझ्याकडं बघत नव्हती, डोहाकडं बघत होती. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मी हाणलं. टाकीवर हाणत होते तसं, दोन जोरात आणि एक हळू. आवाज पलीकडच्या डोंगराला लागून परत आला.

पाणी हललं नाही. मी परत हाणलं. काही नाही. हौसा पुढं झुकलेली, तोंड अर्धं उघडं.

आणि मग डोहाच्या मध्यावर, घाटापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब, एक पाठ वर आली. हातभर असेल. कोवळं ऊन तिच्यावर पडलं तशी पितळेच्या परातीसारखी लखलखली, एकदा वळली आणि खाली गेली. आमच्याकडं आली नाही.

हौसानं माझ्या मांडीवर थाप मारली. "आली न्हाई! बघितलंस, आक्का? एवढी मोठी झाली आन आली न्हाई!" डोळ्यांतून पाणी, आणि हसत होती. "फिटलं बघ आता. ना तुझ्याकडं येत्यात, ना माझ्याकडं."

"एक फोड खायची होती ना तुला?" मी विचारलं.

"खाल्ली की ही," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

मी तोंड उघडलं. "हौसा, ते टाकीवरचं..." तेवढ्यात वर रस्त्यावर तुझ्या गाडीचा हॉर्न वाजला. ती माझ्या खांद्याला धरून उठली. पायऱ्या चढताना अंबाड्यातलं पीस माझ्या गालाला लागत होतं. गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली, मला वाटलं काही सांगेल. तिनं बोट पुढं करून माझ्या गालावरचं पाणी टिपलं आणि जिभेला लावलं. "खारट हाय," म्हणाली, आणि तुम्ही गेलात.

तिला सगळं माहीत होतं, रेखा. पण मी तोंडानं कबूल केलं नव्हतं, ते आज केलं. तिच्या पिल्लांना मी माणसाळवलं. पिल्लं मेली ती माझ्या हावेनं, आणि चूक तिनं पत्करली. आता तू वाचत असशील आणि ती शेजारी बसून ऐकत असेल. तिला ऐकायला तू आहेस, नातवंडं आहेत, मागाचा खडखडाट आहे, आणि त्या खडखडाटाचाही मला हेवा वाटतो, कारण तो तिच्या जवळ आहे.

वाचून झाल्यावर ती काय म्हणाली ते मला फोनवर सांगू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर तिला इथं येऊन देऊ दे. तिची गोधडी माझ्याकडंच राहिलीय, त्या सकाळनंतर मी ती धुतलेली नाही. पाऊस ओसरत आलाय, नदी उतरायला लागलीय, दसऱ्याचं धुणं तोंडावर आहे. पायऱ्या मी उतरवीन तिला, माझे गुडघे अजून शाबूत आहेत. तेवढं एक तरी माझं तिच्यापेक्षा बरं आहे.

तिला घेऊन ये, बाई. लवकर ये.